टाळी मिळते, पण मन वळतं का? भाषणातल्या भावनिक भाषेबद्दल

प्रश्न थोडक्यात असा: प्रभावी भाषणं भावनिक भाषेच्या जोरावर श्रोत्यांना आपल्याकडे कशी ओढतात, आणि रक्तदानाचं आवाहन करणारं दहा मिनिटांचं भाषण लिहायचं असेल तर ही भाषा नेमकी कशी वापरायची? सोबत मसुद्यातलं एक वाक्य दिलं आहे: ‘आज रक्ताच्या भीषण टंचाईमुळे असंख्य निष्पाप जीवांना हृदयद्रावक यातना सोसाव्या लागत आहेत.’

या वाक्यापासूनच सुरुवात करू, कारण बहुतेक भाषणं नेमकी इथेच फसतात. भीषण, असंख्य, निष्पाप, हृदयद्रावक. एका वाक्यात चार विशेषणं, आणि डोळ्यांसमोर काय उभं राहिलं? काहीच नाही. कोण, कुठे, कधी, काय झालं, यातलं एकही उत्तर वाक्यात नाही. ‘हृदयद्रावक’ हा वक्त्याने परस्पर काढलेला निष्कर्ष आहे. श्रोत्याचं हृदय द्रवायला हवं होतं ते त्याने ऐकलेल्या गोष्टीने; इथे गोष्ट गाळून त्याला थेट निकाल सांगितला आहे.

आपल्या काव्यशास्त्राला ही चूक फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ‘काव्यप्रकाश’ लिहिणाऱ्या मम्मटाने रसदोषांची, म्हणजे रस बिघडवणाऱ्या चुकांची, यादी केली तेव्हा पहिलाच दोष सांगितला तो हा की रस किंवा भाव स्वतःच्या नावाने बोलून दाखवणं. ‘करुण, करुण’ म्हटल्याने करुण रस निर्माण होत नाही. ‘नाट्यशास्त्र’ लिहिणाऱ्या भरताच्या रससूत्रातही विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव (येऊन-जाऊन असणाऱ्या छोट्या भावना) यांच्या संयोगातून रस निष्पन्न होतो असं म्हटलं आहे. म्हणजे भावनेचं कारण दाखवा, तिची अंगावर उमटणारी खूण दाखवा. भावनेचं नाव श्रोत्याला स्वतः घेऊ द्या. वक्तृत्वाच्या वर्गात शिकवल्या जाणाऱ्या निम्म्या गोष्टी या एका सूत्रात बसतात.

आता तेच वाक्य असं लिहून पाहा:

‘प्लेटलेट्सची पिशवी साधारण पाच दिवस टिकते. सोमवारी भरलेली पिशवी शनिवारनंतर टाकून द्यावी लागते. पुढच्या शनिवारनंतर ज्याला ती लागणार आहे, त्याच्यासाठीचं रक्त आज कुठल्याच रक्तपेढीत नाही. ते अजून कुणाच्या तरी अंगात आहे.’

भावनेचं विशेषण एकही नाही. पण शेवटच्या वाक्याला ऐकणारा नकळत स्वतःच्या हाताकडे बघतो. घाई निर्माण झाली ती ‘भीषण’ या शब्दाने नाही, पाच दिवसांच्या मुदतीने. भावना मुदतीत होती. आपण ती फक्त दिसेल अशी ठेवली.

मसुदा हातात घेऊन एक सोपी चाळणी लावा. भावनेची नावं आणि भावनेची विशेषणं (दुःखद, संतापजनक, अभिमानास्पद, लाजिरवाणं वगैरे) लाल पेनने खोडा. मग उरलेलं वाचा. उरलेल्या मजकुरातून तीच भावना येत असेल तर भाषण उभं आहे. काहीच येत नसेल तर तिथे तपशील हवा आहे, आणखी जड शब्द नव्हे. सगळी विशेषणं वाईट असतात असं नाही. ‘रिकामा फ्रीज’ मधलं ‘रिकामा’ हे माहिती देणारं विशेषण आहे, ते ठेवा. कसं वाटलं पाहिजे याची सूचना देणारं विशेषण काढा.

कोणती भावना?

‘भावनिक भाषण’ असा एकच प्रकार नसतो. राग, भीती, करुणा, अभिमान, आशा, लाज, प्रत्येकीची चाल निराळी आहे आणि प्रत्येकीतून माणूस निराळं काहीतरी करतो. ॲरिस्टॉटलने वक्तृत्वावरच्या विवेचनात लोगोस, इथॉस आणि पेथॉस, म्हणजे युक्तिवाद, वक्त्याची विश्वासार्हता आणि श्रोत्याची भावावस्था, अशी तीन साधनं सांगितली, हे बहुतेकांना माहीत असतं. त्याहून कामाचा भाग पुढे आहे. प्रत्येक भावनेबद्दल तो तीन गोष्टी शोधायला सांगतो: ती जागते तेव्हा माणसाची मनःस्थिती काय असते, ती कुणाबद्दल जागते, आणि कोणत्या कारणाने. रागाचं भाषण फसतं ते बहुधा दुसऱ्या प्रश्नावर. नुसत्या ‘व्यवस्थेचा’ राग कुणालाच येत नाही. राग निर्णयाचा येतो, तो घेणाऱ्याचा येतो.

भीतीचं गणित सगळ्यात जास्त चुकवलं जातं. समज असा की जितकं घाबरवू तितकी माणसं हलतील. १९६५ साली येल विद्यापीठातल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर हॉवर्ड लेव्हेन्थल आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग इथे लक्षात ठेवावा. धनुर्वाताच्या लशीबद्दल काहींना सौम्य पत्रक दिलं, काहींना अंगावर काटा येईल असं. काटा आणणारं पत्रक वाचलेल्यांनी ‘लस घ्यायलाच हवी’ असं जास्त ठामपणे सांगितलं. पण प्रत्यक्ष लस घ्यायला कोण गेलं? ज्यांना आरोग्य केंद्राचा नकाशा दिला होता आणि आपल्या आठवड्यात कधी जाता येईल ते ठरवायला सांगितलं होतं, त्यांच्यापैकी सुमारे २८ टक्के गेले. नकाशा न मिळालेल्यांपैकी सुमारे ३ टक्के. आरोग्य केंद्र कुठे आहे हे त्या विद्यार्थ्यांना आधीच माहीत असणार, तरीही हा फरक पडला. भीतीने इच्छा जागवली, पाऊल टाकायला लावलं ते वेळ आणि वाट यांनी. भीती दाखवून वाट न दाखवणारं भाषण श्रोत्याला एकच सोय ठेवतं: विषय मनातून काढून टाकणं.

करुणा लवकर ओसरते. ‘अश्रूइतकं लवकर काही सुकत नाही’ हे अपोलोनियस या वक्तृत्वशिक्षकाचं निरीक्षण रोमन वक्ता सिसेरोने नोंदवून ठेवलं आहे, आणि त्यावरून सल्ला दिला आहे की दयेचं आवाहन लांबवू नये. दहा मिनिटांच्या भाषणात करुणेला दीड मिनिट पुरे. त्यापुढे श्रोता सावध होतो, घड्याळ बघतो, आणि आपण घड्याळ बघतो आहोत याची त्याला चीड येते. ती चीड तुमच्यावर निघते.

लाजेपासून दूरच राहा. ‘तुमच्यापैकी किती जणांनी आजवर रक्त दिलंय? हात वर करा. बघा, इतकेच!’ हा प्रकार सभागृहात चुरचुरीत वाटतो, पण हात वर न केलेला प्रत्येक जण त्या क्षणापासून स्वतःचा बचाव तयार करायला लागतो. पुढची आठ मिनिटं तो तुमचं ऐकत नसतो, तुम्हाला मनातल्या मनात उत्तर देत असतो. त्याउलट अभिमान हे काही मागायचं असेल तेव्हाचं सगळ्यात भरवशाचं इंधन आहे. ‘तुम्ही अजून केलं नाही’ याऐवजी ‘हे करू शकणारी माणसं या खोलीत बसली आहेत’.

तुमच्या भाषणात दोनच भावना ठेवा: आधी थोडी करुणा, मग सामर्थ्याची जाणीव. मध्ये भीती येईलच, पण ती रुग्णाबद्दलची नसेल. ती सुईची असेल, आणि श्रोत्याची स्वतःची असेल. ती लपवू नका, तिला आकडे द्या. शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असतं, त्यातलं ३५० किंवा ४५० मिलिलिटर घेतात, आणि रक्त निघायला साधारण दहा मिनिटं लागतात. श्रोत्याच्या मनातली भीती वक्त्याने आधी उच्चारली की तिचा जोर निम्मा होतो.

एक माणूस की हजार?

२००७ साली डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेन्स्टाइन आणि पॉल स्लोव्हिक यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सहभागींना एका कामाचे पाच डॉलर देऊन त्यातून देणगी मागितली होती. एका गटाला उपासमारीची आकडेवारी दिली; सरासरी देणगी १.१४ डॉलर. दुसऱ्या गटाला सात वर्षांच्या एका मुलीची माहिती दिली, सरासरी २.३८. खरी गंमत तिसऱ्या गटात आहे. त्यांना मुलगीही दाखवली आणि आकडेवारीही; सरासरी घसरून १.४३ वर आली. आकड्यांनी गोष्टीला बळ दिलं नाही, उलट तिची धग कमी केली.

याचा अर्थ आकडे फेकून द्या असा नाही. आकडे नसलेलं भाषण विचार करणाऱ्या श्रोत्याला पोकळ वाटतं, आणि रुग्णालयाच्या खर्चाचा निर्णय घेणाऱ्या समितीसमोर तर एकट्या गोष्टीवर कुणी सही करणार नाही. अर्थ इतकाच की दोन्ही एका श्वासात सांगू नका. गोष्ट पुरी होऊ द्या, थांबा, मग एकच आकडा द्या, आणि तोही गोष्टीच्याच मापात आणून. ‘वर्षाला इतके लाख युनिट’ हा आकडा कानावरून जातो. ‘एका मोठ्या शस्त्रक्रियेला लागू शकतात तितक्या पिशव्यांसाठी या पहिल्या रांगेतल्या प्रत्येकाला उठावं लागेल’ हे दिसतं.

गोष्टीतला माणूस उभा करायला तीन तपशील पुरतात: एक वेळेचा, एक वस्तूचा, एक त्याच्या तोंडच्या साध्या वाक्याचा. रात्रीचे पावणेतीन. खुर्चीवर घडी घालून ठेवलेला स्वेटर. ‘सकाळी शाळेत सोडायचंय तिला.’ चौथा तपशील आला की गोष्ट सजवलेली वाटायला लागते. आणि गोष्ट खरीच हवी. खऱ्या माणसाची असेल तर त्याची परवानगी घ्या आणि ओळख पटेल असं काही ठेवू नका. कल्पित असेल तर ‘समजा’ म्हणून सुरू करा. ‘समजा’ने परिणाम फारसा कमी होत नाही, आणि पकडलं जायची भीती उरत नाही.

शब्दांची निवड

विशेषणांची मात्रा कमी केली की भार क्रियापदावर येतो, आणि तो तिथेच असावा. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना मोटार-अपघाताच्या फिती दाखवून वेगाचा अंदाज विचारला. प्रश्नात क्रियापद बदललं, बाकी काही नाही. गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या अशा अर्थाचं क्रियापद असताना सरासरी अंदाज ताशी सुमारे ४१ मैल. नुसता स्पर्श झाला अशा अर्थाचं असताना सुमारे ३२. फिती त्याच होत्या.

मराठीत तर हे हत्यार फारच धारदार आहे. ‘मृत्यू झाला’, ‘निधन झालं’, ‘वारले’, ‘गेला’, ‘मेला’, ‘मारला गेला’, ‘मारलं’. घटना एकच, पण जबाबदारी आणि जवळीक दर शब्दाला बदलते. नियम म्हणून सांगायचं तर आवाहनाच्या जागी घरातले शब्द, गांभीर्याच्या जागी संस्कृत शब्द. आई, भूक, घाम, पाणी, माती हे शब्द लहानपणी अंगाला लागलेले असतात. माता, क्षुधा, स्वेद, जल हे शब्द पुढे पुस्तकातून आले. ‘क्षुधार्त बालके’ ऐकून कुणाच्या पोटात कालवत नाही. ‘उपाशी पोरं’ ऐकून कालवतं. मात्र सगळंच भाषण घरगुती शब्दांत ठेवलं तर वजन राहत नाही; शपथ, स्मरण, श्रद्धांजली यांना तत्सम शब्दांची उंची लागते. एका उताऱ्यात एक उंच शब्द, तोही शेवटाकडे.

दुसरं सर्वनाम. इंग्रजीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच शब्द आहे, आपल्याकडे दोन आहेत. ‘आम्ही हे शिबिर घेत आहोत’ यात श्रोता बाहेर उभा आहे. ‘आपण हे शिबिर घेत आहोत’ म्हणताच तो आत आला, आणि आत आलेल्या माणसाकडे मागणं सोपं जातं. भाषणाच्या सुरुवातीला ‘आम्ही’ चालतं, कारण अजून ओळख झालेली नसते. सुरुवातीलाच ‘आपण’ म्हटलं तर लगट वाटते. मध्यावर ‘आपण’कडे वळा. मागणीच्या वाक्यात मात्र ‘तुम्ही’ हवं, कारण ‘आपण सर्वांनी रक्तदान करूया’ या वाक्यातून प्रत्येक जण हळूच निसटतो. आणखी एक खाचखळगा: आदरार्थी ‘आपण’ आणि समावेशक ‘आपण’ एकाच भाषणात मिसळले की कोण कुणाला काय म्हणतंय ते कळेनासं होतं. आदरासाठी ‘तुम्ही’ पुरेसं आहे.

तिसरी गोष्ट वाक्याच्या शेवटाची. कानाला शेवटचा शब्द सगळ्यात जास्त वेळ ऐकू येत राहतो. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, आणि छापील मराठीच्या सवयीने ते ‘करण्यात येत आहे’, ‘झालेली दिसून येते’ अशा भुशावर संपतं. तिथे ताकद वाया जाते. बोलण्याच्या मराठीत शब्द फिरवायची मोकळीक आहे, ती वापरा. ‘रक्ताची गरज दररोज भासत असते, परंतु रक्तदाते क्वचितच उपलब्ध होतात’ याऐवजी ‘रक्त लागतं रोज. देणारे येतात कधीतरी.’ ठोका ‘रोज’ आणि ‘कधीतरी’ यांवर पडला, आणि विरोधही तिथेच आहे.

याच ओघात एका अक्षराबद्दल. ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी मिळवणारच’ या टिळकांच्या वाक्यातला शेवटचा ‘च’ काढून बघा. अर्थ तोच राहतो, निर्धार जातो. पण हा ‘च’ मिठासारखा आहे. दर वाक्याला ‘झालंच पाहिजे’, ‘द्यायलाच हवं’, ‘करूच’ म्हणणारा वक्ता पाचव्या मिनिटाला नुसता हट्टी वाटतो. अख्ख्या भाषणात एक ‘च’ राखून ठेवा आणि तो कुठे पडणार हे आधी ठरवा.

मांडणीची चौकटही शब्दांनीच ठरते. आमोस ट्वेर्स्की आणि डॅनियल काहनमन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६०० जणांना धोका असलेल्या एका काल्पनिक साथीवरचे दोन पर्याय दिले होते, एक खात्रीचा आणि एक जुगाराचा. ‘२०० जण नक्की वाचतील’ असं सांगितल्यावर तो खात्रीचा पर्याय ७२ टक्के लोकांनी निवडला. तोच पर्याय ‘४०० जण मरतील’ असा सांगितल्यावर २२ टक्क्यांनी. लोकांनी धोका पत्करून मोठा बदल करावा असं वाटत असेल तर वक्ते काय गमावलं जाईल ते बोलतात. आहे ते जपायचं असेल तर काय शाबूत आहे ते बोलतात. ऐकणाऱ्यानेही आकडा उलटा करून पाहायची सवय लावावी.

टाळीची वाक्यं

ब्रिटिश संशोधक मॅक्स ॲटकिन्सन यांनी १९८० च्या दशकात भाषणांच्या ध्वनिफिती तपासून टाळी नेमकी कशावर पडते ते पाहिलं. उत्तर कंटाळवाणं वाटेल इतकं साधं निघालं: विरोधाची जोडी आणि तिनाची माळ. जॉन हेरिटेज आणि डेव्हिड ग्रेटबॅच यांनी पुढे ब्रिटिश पक्षांच्या १९८१ च्या अधिवेशनांतली ४७६ भाषणं तपासली, तेव्हा साधारण दोन तृतीयांश टाळ्या अशा मोजक्या रचनांनंतर आल्याचं दिसलं. कारण मानसशास्त्रापेक्षा व्यवहाराचं आहे. एकट्याने टाळी वाजवायला कुणालाच नको असतं. ‘हे नाही, तर ते’ किंवा ‘एक, दोन, आणि तीन’ या रचनेत वाक्य कधी संपणार हे सगळ्यांना आधीच कळतं, म्हणून हात एकदम उठतात.

विरोधाचा उत्तम नमुना म्हणजे २५ नोव्हेंबर १९४९ चं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं संविधान सभेतलं भाषण. २६ जानेवारी १९५० रोजी आपण विसंगतींच्या जीवनात प्रवेश करणार आहोत. राजकारणात समता असेल आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता. लगेच पुढे प्रश्न, की हे विसंगतीचं जीवन आपण आणखी किती काळ जगणार? विशेषणांची आरास नाही. ठरलेली तारीख, दोन पारडी, आणि उत्तर श्रोत्यावर सोडलेला प्रश्न. याच्यामागची अस्वस्थता इतक्या वर्षांनी वाचतानाही जाणवते.

पुनरुक्तीबद्दल लोक मार्टिन ल्यूथर किंग यांच्या २८ ऑगस्ट १९६३ च्या भाषणाचं उदाहरण देतात, आणि ते योग्यच आहे, पण अर्धंच पाहतात. ‘माझं एक स्वप्न आहे’ हा भाग साधारण सतरा मिनिटांच्या भाषणाच्या शेवटच्या टप्प्यात येतो, आणि तो समोरच्या लिखित मसुद्यात नव्हता. त्याआधी त्यांनी न वटलेल्या धनादेशाचं रूपक वापरून देशाने काय देणं लागतं ते हिशेबासारखं मांडलं होतं. डंकर्कहून सैन्य माघारी आणल्यावरचं ब्रिटिश पंतप्रधान चर्चिल यांचं ४ जून १९४० चं भाषणही किनाऱ्यांवर लढण्याच्या ओळींनी आठवतं. त्याआधी त्यांनी तीस हजारांहून अधिक ठार, जखमी आणि बेपत्ता, सुमारे हजार तोफा गमावल्या, आणि माघारीने युद्ध जिंकता येत नाही, हे स्वच्छ सांगितलं होतं. दोन्हीकडे क्रम एकच आहे: आधी हिशेब, मग ज्वाला. नवखे वक्ते शेवटच्या ओळी पाठ करतात आणि त्या पहिल्या मिनिटाला म्हणतात. मग त्या नुसत्या आरडाओरड्यासारख्या वाटतात.

आता शीर्षकातला प्रश्न. टाळी वाजवणारे बहुधा आधीपासून तुमच्या बाजूचे असतात. भाषण ज्यांच्यासाठी असतं ते, काठावर बसलेले, अशा वेळी गप्प असतात. त्यांच्यावर परिणाम झाल्याची खूण म्हणजे शांतता. खोकला थांबतो, खुर्च्या कुरकुरायच्या थांबतात. दर चाळीस सेकंदांनी टाळी घेणारं भाषण या काठावरच्या माणसाला परक्या मेळाव्यात आल्यासारखं वाटायला लावतं. दहा मिनिटांत दोन टाळ्या मिळाल्या तर भरपूर.

दहा मिनिटांचा आराखडा

सभेत मराठी सावकाश बोललं तर मिनिटाला ११० च्या आसपास शब्द होतात. विराम धरून मसुदा हजार शब्दांच्या पुढे नेऊ नका. पहिलं मिनिट शांत, श्रोत्यांच्या त्या क्षणीच्या मनःस्थितीइतकंच तापमान. जेवून आलेल्या लोकांसमोर तारस्वरात सुरुवात करू नये. पुढची दीड-दोन मिनिटं एका माणसाची गोष्ट, अपुरी सोडून. मग तीन मिनिटं व्यवस्था कशी चालते ते: पिशवी किती दिवस टिकते, कोणाला लागते, का पुरत नाही. हा भाग कोरडा असू द्या, इथेच विश्वास मिळतो. त्यानंतर सुईच्या भीतीला दीड मिनिट. मग गोष्ट पुरी करा, आणि शेवटी मागणी.

सराव मोठ्याने करा, मनात वाचून नाही. स्वतःचा कंठ जिथे दाटतो ती ओळ शोधा आणि तीच ओळ आठ-दहा वेळा म्हणा, म्हणजे व्यासपीठावर ती सांभाळता येईल. वक्त्याच्या डोळ्यांत पाणी श्रोत्यांच्या आधी आलं की श्रोते त्याची काळजी करू लागतात आणि विषय बाजूला राहतो. आवाज चढवायच्या ठिकाणी तो उतरवून पाहा. गोष्टीच्या शेवटच्या वाक्यानंतर दोन ते तीन सेकंद थांबा; उभं राहून ते दहा सेकंदांसारखे वाटतात, म्हणून मनात मोजा.

आणि देखावा टाळा. क्विन्टिलियन या रोमन वक्तृत्वशिक्षकाने रोमच्या न्यायालयातला एक फजितीचा प्रसंग लिहून ठेवला आहे. दया यावी म्हणून एका वकिलाने रडणाऱ्या मुलाला पुढे आणलं आणि विचारलं, बाळ, का रडतोस? मूल म्हणालं, मला सांभाळणारा चिमटा काढतोय. पार्श्वसंगीत, काळवंडवलेली चित्रं, मंचावर बोलावून रडवलेला रुग्ण, हे सगळे त्याच चिमट्याचे प्रकार आहेत.

हेच हत्यार उलटं फिरतं तेव्हा

वर सांगितलेली प्रत्येक युक्ती खोट्यालाही तितकीच कामाला येते. इराकने कुवेत बळकावल्यावर, ऑक्टोबर १९९० मध्ये, अमेरिकी काँग्रेस सदस्यांच्या मानवी हक्क गटासमोर पंधरा वर्षांच्या एका कुवेती मुलीने इराकी सैनिकांनी तान्ह्या बाळांना इनक्युबेटरमधून काढून जमिनीवर टाकल्याचं सांगितलं. एक साक्षीदार, एक खोली, एक कृती. तपशिलाच्या सगळ्या कसोट्यांना उतरणारी गोष्ट. पुढे उघड झालं की ती कुवेतच्या राजदूताची मुलगी होती, आणि त्या कथेला आधार मिळाला नाही. म्हणून ठसठशीत तपशील ऐकला की पहिला प्रश्न हा विचारावा की हे दुसऱ्या कुणी पाहिलं आहे का, आणि सांगणाऱ्याचं यात काय गुंतलं आहे.

दुसरी खूण रूपकांची. संकटाला वादळ म्हणणं वेगळं आणि माणसांच्या समूहाला किडे म्हणणं वेगळं. १९९४ च्या रवांडातल्या हत्याकांडाच्या काळात तिथल्या आरटीएलएम रेडिओवरून तुत्सी समाजाच्या लोकांना झुरळं म्हटलं जात होतं. झुरळाशी कुणी वाद घालत नाही, त्याला चिरडतात. रूपकानेच पुढचं क्रियापद सुचवलेलं असतं. भाषण ऐकताना एखाद्या गटासाठी वापरलेलं नाम पकडा आणि त्या नामाला कोणतं क्रियापद चिकटतं ते पाहा.

तिसरी गोष्ट वेळेची. प्रामाणिक आवाहनातली घाई तपासता येते. प्लेटलेट्स पाच दिवस टिकतात हे कुणीही रक्तपेढीत विचारू शकतो. ‘आत्ताच, इथेच, विचार करत बसू नका’ या घाईला मात्र कारण जोडलेलं नसतं.

राहिला तुमच्या भाषणाचा शेवट. मसुद्यात शेवटी ‘रक्तदान हेच श्रेष्ठदान’ आणि मग सगळ्यांचे आभार आहेत. आभार सुरुवातीला न्या. घोषवाक्य गाळा, ते प्रत्येकाने इतक्यांदा वाचलं आहे की ते आता कानात शिरत नाही. त्या जागी नकाशा द्या: ‘या दारातून बाहेर पडलात की डाव्या हाताला टेबल आहे. पहिलं नाव लिहायला पेन तिथे ठेवलंय. मी आता तिथेच जातोय.’ आणि खरंच जा. आयोजकांना आधीच सांगून ठेवा की तुमच्यानंतर दहा मिनिटं कुणी बोलायला उभं राहणार नाही.